समुपदेशकांनी पत्रे लिहावीत

गोंदिया आणि डोंगरगड यांच्या मधले दरेकसा हे जंगलातले लहानसे स्टेशन. मुंबई-हावडा मार्गावर असूनही एरवी तिथे फारसे कोणी उतरत नाही. माघ पौर्णिमेच्या आसपासचे चार-पाच दिवस मात्र फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावहून कचारगडच्या गुहेकडे निघालेली ही माणसे महाराष्ट्रातली असतात, तशी छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि ओडिशातलीही असतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचे हे ठाणे, गोंडांच्या कोया पुनेम धर्माचे उगमस्थान. पिवळे गमछे, सप्तरंगी झेंडे आणि चढणीवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'जय सेवा'.

आमच्या वाचकांनी या गर्दीतल्या एका गटाकडे जरा निरखून पाहावे. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मोबाइल, पुस्तकांच्या दुकानासमोर बराच वेळ रेंगाळणे. नागपूर, वर्धा, मुंबई, हैदराबाद इथे एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू. करणारी, पीएच.डी.ला नोंदणी झालेली ही मुलेमुली. घरातली पहिली पदवी बहुधा त्यांचीच. गोंदिया जिल्हा नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे पुढे शिकायचे तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर खोली करून राहायचे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात हीच मुले सर्वांत कमी दिसतात. आपल्या व्यवसायात त्यावर ठरलेले उत्तर आहे, 'जागृती नाही, कलंकाची भीती आहे.' हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि ते आपल्याला सोयीचे आहे, कारण त्यात दोष न येणाऱ्याच्या पदरात पडतो.

उरलेले अर्धे सांगण्यासाठी एक केस मांडतो. हे एका व्यक्तीचे चित्र नाही. कोणाची ओळख पटू नये म्हणून अनेकांच्या हकिगती एकत्र केल्या आहेत. मुलगा पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात. घरी थोडे धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. तक्रार: "काही नाही मॅडम, झोप लागत नाही एवढंच. वाचायला बसलो की मन लागत नाही." समुपदेशकाने जे करायचे ते नीट केले. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतली, झोपेचे वेळापत्रक आखले, श्वसनाचे व्यायाम शिकवले, विचारांची नोंदवही दिली. आकडा चौदावरून अकरावर आला. मग एका सत्रात मुलगा सहज बोलून गेला की फेलोशिप आठ महिन्यांपासून आलेली नाही. दरमहा उपस्थितीच्या कागदावर गाईडची सही लागते, मग विभागप्रमुखाची, मग कागद विद्यापीठाच्या कक्षात जातो, मग पोर्टलवर चढतो. गाईड सही करत नाहीत, कारण त्यांनी सांगितलेले दुसऱ्याच एका प्रकल्पाचे टंकलेखन याने पूर्ण केलेले नाही. खोलीचे भाडे थकले आहे. माघ पौर्णिमेला गावी जायची रजा मागितली तेव्हा 'तुम्हा लोकांना जत्रा महत्त्वाच्या' असे ऐकावे लागले. केसपेपरवर 'मनोसामाजिक घटक' या रकान्यात दोन शब्द उमटले: 'आर्थिक ताण'. पुढच्या सत्राला मुलगा आला नाही. नोंद झाली: 'ड्रॉप-आउट'.

यात समुपदेशकाचे तंत्र कुठे चुकले? कुठेच नाही. चूक कामाच्या हद्दीत आहे. मुलाचे दुखणे एका सहीत अडकले होते आणि आपण त्याला श्वास मोजायला शिकवत होतो. आजार नव्हताच असे आम्ही म्हणत नाही. चौदा हा आकडा गंमत नव्हे. आणि परिस्थितीने आणलेले नैराश्यही नैराश्यच असते, त्यालाही उपचार लागतात. पण उपचाराचा अर्धा भाग विभागप्रमुखाच्या टेबलावर पडून होता आणि तिथपर्यंत जायला आपल्याकडे कागद नव्हता.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा ताण पदवीच्या मुलांपेक्षा वेगळा, तो इथे. पदवीच्या मुलाला नावडता शिक्षक वर्षभराने सुटतो. संशोधक विद्यार्थ्याचा पगार, रजा, प्रगती अहवाल, प्रबंध, शिफारसपत्र आणि पुढची नोकरी, सगळे एका माणसाच्या मर्जीवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. इतका काळ एकाच वरिष्ठाच्या हाताखाली, तक्रारीची सोय जवळपास नसताना काढणे हे आपल्याकडच्या खासगी नोकरीतही क्वचित घडते. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त आलेल्या एका पाहणीत २६ देशांतल्या २,२७९ जणांनी उत्तरे दिली होती, त्यांत बहुसंख्य पीएच.डी. करणारे होते. सुमारे ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची, ४१ टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणे आढळली. उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या विभागाला चिकटवू नयेत. पण गाईडशी बरे नाते असलेल्यांत लक्षणे कमी होती, हा त्यातला धागा कोणत्याही समुपदेशकाला ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे तर मोजणीच धड नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्या 'विद्यार्थी' रकान्यात दहावीचे पोर आणि प्रबंध लिहिणारा तिशीतला संशोधक एकाच ओळीत बसतात.

आकडा नसला तरी नाव आहे. डॉ. पायल तडवी, जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातल्या, मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवले. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे आणि तो न्यायालयापुढे आहे, म्हणून त्यावर इथे निवाडा करायचा नाही. आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. ज्या संस्थेत हे घडले तिथे मनोविकारशास्त्राचा विभाग होता, तोही नावाजलेला. तज्ज्ञांची वानवा नव्हती, अंतर नव्हते, नेटवर्कची अडचण नव्हती. कुटुंबाने छळाची गोष्ट आधीच संबंधितांच्या कानावर घातली होती, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे एकाच आवारात उपचाराची खोली आणि तक्रारीची खोली दोन्ही असतील आणि दोघींच्या मध्ये दार नसेल, तर उपयोग काय? पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि असेच आयुष्य संपवलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मागितले ते हेच होते, की आयोगाचे २०१२ चे समता नियम कागदावरून खाली उतरवा. नियम सात वर्षे जुने होते आणि ते पाळा म्हणून दोन आयांना न्यायालयात जावे लागले.

न्यायालय त्यानंतर बरेच पुढे आले आहे. मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले गेले. जुलै २०२५ च्या निकालाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले, त्याहून लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला. नेमणुका होतील, काही तासिका तत्त्वावर, काही निव्वळ मूल्यांकन समिती येण्याआधी. पण नेमलेल्या माणसाने नेमके काय करायचे हे आपण, या व्यवसायातल्या लोकांनी, ठरवले नाही तर कुलसचिव कार्यालय ठरवेल आणि मग आपल्या वाट्याला तणावमुक्तीच्या कार्यशाळा आणि १० ऑक्टोबरची पोस्टर स्पर्धा येईल.

म्हणून आमचा आग्रह अगदी साधा आहे. विद्यापीठातल्या समुपदेशकाने पत्रे लिहावीत. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीने, निदान न उघडता, मुद्द्याला धरून. 'सदर विद्यार्थी माझ्याकडे येत आहे. फेलोशिपच्या कागदावरील प्रलंबित सही हे त्याच्या सध्याच्या स्थितीचे एक कारण आहे. ती अमुक तारखेपर्यंत व्हावी किंवा न करण्याचे कारण लेखी कळवावे.' असे पत्र विभागप्रमुखाला, प्रत संशोधन सल्लागार समितीला. गाईड बदलाच्या अर्जासोबत जोडायचे, वसतिगृहाच्या थकबाकीला मुदत मागणारे, सहामाही प्रगती अहवाल पुढे ढकलण्याची शिफारस करणारे. छळ जातीवरून असेल तर समान संधी कक्षाकडे जाणारे. वैद्यकीय प्रमाणपत्राला आपली व्यवस्था घाबरते आणि मानते. समुपदेशकाच्या पत्राला तसे वजन येण्यासाठी आधी ती पत्रे जायला तर हवीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला तटस्थतेचा: पत्र लिहिले की समुपदेशक एका पक्षाचा वकील होतो. आम्हाला हे पटत नाही. क्षयाचा रुग्ण ओल असलेल्या खोलीत राहत असेल तर खोली बदला असे लिहून देणारा डॉक्टर घरमालकाचा वैरी ठरत नाही. दुसरा आक्षेप खरा जड आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि पत्र गेले की विभागात बोभाटा होणार. म्हणून संमती प्रत्येक पत्रासाठी वेगळी हवी, मसुदा विद्यार्थ्याने वाचून बदललेला हवा, आणि 'नको' म्हणण्याचा त्याचा हक्क पहिल्याच सत्रात सांगितलेला हवा. त्याहून मोठी अट समुपदेशकाच्या नेमणुकीची. ज्याच्याविरुद्ध पत्र जायचे त्याच्याच हाताखाली समुपदेशक असेल, करार दर अकरा महिन्यांनी त्याच्याच सहीने वाढत असेल, तर पत्र निघणार नाही. मानसशास्त्र विभागातल्या प्राध्यापकाकडेच समुपदेशनाचा जादा कार्यभार देण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवावी. तिथल्या संशोधक विद्यार्थ्याने जायचे कुठे?

आता पुन्हा कचारगडाकडे, कारण तिथे आपल्या उत्साहाला आवर घालायला हवा. गोंड परंपरेत सांगतात की काली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली होती, जंगोने त्यांना माया दिली, हिरासुका पाटारीच्या हिमतीने शिळा हटली आणि लिंगोने त्यांना वाट दाखवली. परिषदांतले वातावरण पाहता 'गुहा म्हणजे नैराश्य' अशी स्लाइड कोणीतरी करणार याची आम्हाला खात्री आहे. कृपया करू नये. ती लोकांच्या धर्मातली कथा आहे, आपल्या सादरीकरणाचे साहित्य नव्हे. यात्रेत समुपदेशनाचा तंबू ठोकून छायाचित्रे काढण्याचीही गरज नाही. चार दिवस आपल्या माणसांत, आपल्या देवांच्या सग्यासोयऱ्यांत राहून मूल परत येते, तिथे आपण आणखी काय देणार?

करण्यासारखे आहे ते नागपुरात. समुपदेशनाच्या नोंदणी-अर्जात 'कौटुंबिक इतिहास' विचारतो तसे 'गावी शेवटचे कधी गेलात, पुढे कधी जायचे आहे' हे विचारावे. माघ पौर्णिमेच्या रजेचा प्रश्न विभागाकडे आपणच काढावा. सत्र फोनवर ठेवताना सालेकसा पट्ट्यात रेंज कुठे मिळते हे विद्यार्थ्यालाच विचारून वेळ ठरवावी. आणि मराठी ही त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा असू शकते, घरी गोंडी किंवा छत्तीसगडी चालत असेल, हे गृहीत धरावे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात जवळपास ३० लाख होते. त्या भाषेत सत्र घेऊ शकणारे समुपदेशक किती, हे आपल्या संघटनांनी एकदा आपल्या सदस्य-यादीवरून काढावे. तोवर मधला मार्ग आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील केंद्राने 'आत्मीयता' प्रकल्पात गावातल्याच माणसांना ऐकून घेणे, धीर देणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे शिकवले होते. तेच वसतिगृहातल्या वरिष्ठ संशोधकांना शिकवता येईल, मात्र मानधन देऊन. विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमावर आणखी एक योजना नको. जिवाला धोका दिसला तर मात्र पत्रांची वाट न पाहता गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि रात्री-अपरात्री टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक.

वार्षिक अहवालात आपण सत्रांची संख्या देतो. त्याखाली एक ओळ वाढवावी: किती पत्रे पाठवली, कितींना उत्तर आले, किती सह्या झाल्या. ज्या वाचकांनी अशी पत्रे आधीच लिहिली आहेत त्यांनी नाव, गाव, विभाग काढून टाकून मसुदे आमच्याकडे पाठवावेत. ज्यांना उत्तर आले नाही ती पत्रेही पाठवावीत. ती आधी छापू.