रांजणाची गोष्ट

वैशाखात विद्यार्थ्यांना घेऊन नाणेघाटात गेलो होतो. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. जुन्नरचा माल येथून कल्याण बंदराकडे उतरे.

"आणि पुढे, सर?"

पुढे समुद्रापार, मिसर देशात वाळवंटाच्या काठावर बेरेनिके नावाचे बंदर होते. तिथल्या उत्खननात भारतात घडलेला रांजण निघाला, साडेसात किलो मिऱ्यांनी भरलेला! २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्तीही सापडली. एवढे संपन्न शहर, पण प्यायचे पाणी मात्र बाहेरून आणावे लागे. शेवटी वस्ती उठली. उरली ती वाळू.

व्याख्यान रंगले आणि घशाला कोरड पडली. आमच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. घाटघरात एका आजींच्या दारी थांबलो. पावसाळ्यात इथे धो धो कोसळते. वैशाखात मात्र हंडा लांबून आणावा लागतो. तरी आजींनी तांब्या पुढे केला. सगळी मुले पोटभर प्यायली. मी संकोचून खिशात हात घातला.

आजी हसल्या. "मास्तर, पाण्याला कसली आलीय जकात?"

वाचकहो, वळणावर मागे पाहिले, तर आजी रिकामा हंडा घेऊन पुन्हा निघाल्या होत्या.