तारांचा गुंता आणि घराची शिस्त

चंदीगड शहराची ख्याती आहे ती त्याच्या शिस्तीसाठी. १९५१ साली या शहराच्या आराखड्याची सूत्रे हाती घेणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांची सात वर्गांत विभागणी केली. वेगवान वाहतुकीचा मार्ग वेगळा, बाजाराचा वेगळा आणि हिरवळीतून जाणारी पायवाट वेगळी. पण याच शहरात बदलीवर आलेल्या बँक कर्मचाऱ्याच्या घरी दूरचित्रवाणी संचामागे डोकावले, तर ही शिस्त उंबरठ्याबाहेरच राहिल्याचे जाणवते. सेट-टॉप बॉक्स, राउटर, संगणक, मोबाईलचे चार्जर अशा साऱ्यांच्या वायरी एकमेकींत गुरफटून एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर येऊन विसावलेल्या असतात.

यात केवळ गृहिणीचा वा गृहस्थाचा आळस पाहणे योग्य नव्हे. १९५०-६० च्या दशकांत घरे बांधली गेली, तेव्हा दिवे, पंखे आणि फार तर एक रेडिओ एवढीच विजेची गरज होती. उपकरणे वाढली, भिंतीतील सॉकेट मात्र तेवढेच राहिले. मग एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा विस्तार सुरू होतो.

खरा धोका येथेच आहे. ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्ट दाबावर सुमारे १,३८० वॅटचा भार पेलू शकतो. चंदीगडच्या कडाक्याच्या थंडीत त्याच बोर्डावर २,००० वॅटचा हीटर लावला, तर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. वायर तापते, आवरण मऊ पडते आणि ठिणगीस निमित्त पुरते. शिवाय जमिनीवर लोळणाऱ्या वायरीत वृद्धांचा पाय अडकतो, तो वेगळाच.

यावर बाजारात शोभिवंत पेट्या आणि नळ्या मिळतात. माझे स्पष्ट मत असे की, गुंता झाकणे हा उपाय नव्हे. गालिच्याखाली दडवलेल्या किंवा वेटोळे करून कोंबलेल्या वायरीतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाव उरत नाही; शिवाय तिचे झिजलेले आवरणही दिसत नाही. गुंता आधी कमी करावा, मग मांडावा.

कमी करणे अवघड नाही. कोणत्याही उपकरणाची नसलेली वायर प्रत्येक घरात सापडतेच. बदलीगणिक ती सामानातून गावोगाव फिरत असते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली टाइप-सी जोडणीचे मानक प्रसिद्ध केले असून, एकच चार्जर अनेक उपकरणांना चालणे आता शक्य झाले आहे. निरुपयोगी वायरी कचरापेटीत न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडेच द्याव्यात. याच शहरात नेकचंद यांनी फुटक्या विद्युत साहित्यालाही रॉक गार्डनच्या भिंतींत मानाची जागा दिली. आपण त्याला निदान योग्य वाट तरी दाखवावी.

उरलेल्या वायरींना कॉर्ब्युझिए यांचाच न्याय लावावा. विजेच्या वायरी एका बाजूने, इंटरनेट व ध्वनीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात आणि प्रत्येकीच्या टोकाला नावाची चिठ्ठी लावावी. हीटर, गीझर, इस्त्री यांना १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेटच हवा. तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्यावे.

‘दोन-तीन वर्षांच्या भाड्याच्या घरासाठी हा खर्च कोणी करावा?’ असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. परंतु भिंतीत बसवलेला सॉकेट घरमालकाकडेच राहतो, हे त्याला समजावून दिल्यास खर्चात वाटेकरी होण्यास तो सहसा नकार देणार नाही. आणि दिलाच, तरी आपल्या वास्तव्याचा काळ पाहून आग थांबत नसते. घराचा विमा उतरवणे हे शहाणपण खरेच. पण विम्याचा दावा करण्याची वेळच येऊ न देणे हे त्याहून मोठे शहाणपण होय.