बाबा म्हणजे सर्व्हर नव्हे

वडिलांना साठीनंतर डायबेटिस निघाला की आपली पिढी पहिली गोष्ट काय करते? ऑर्डर. ग्लुकोमीटर, स्मार्ट वॉच, आकडे साठवणारं अ‍ॅप. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर फर्मान निघतं, ‘बाबा, रोज सकाळी रीडिंग टाकायचं.’ तिसऱ्या दिवशी १६२ येतं आणि बंगळुरूहून फोन जातो, ‘काल काय खाल्लंत?’ याला आपण काळजी म्हणतो. मला ती हजेरी वाटते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्व्हरवर नजर ठेवणं, आकडा लाल झाला की रात्री दोनला उठणं, हा माझ्या नोकरीचा भाग. म्हणूनच सांगतो, ही पद्धत माणसावर चालत नाही. सर्व्हरला लाज वाटत नाही, बाबांना वाटते. चार वेळा उलटतपासणी झाली की पाचव्या वेळी ते रीडिंग घेतच नाहीत, किंवा चांगलं आलेलं तेवढंच टाकतात. आपल्याकडे सुंदर आलेख जमतो आणि आजार आहे तिथेच राहतो.

बरं, ज्या आकड्यावरून आपण ओरडतो, तो कळतो तरी का? बोटाला टोचून मिळते ती त्या क्षणाची साखर. ताप, ताण, मोडलेली झोप यांनीही ती हलते. साधारण तीन महिन्यांचा कल सांगते ती एचबीएवनसी. तिचा ६.५ टक्के हा निदानाचा उंबरठा आहे. प्रत्येकाच्या उपचाराचं लक्ष्य तेच नसतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन धडधाकट ज्येष्ठांसाठी साधारण ७ ते ७.५च्या आत आणि इतर बरेच आजार असतील तर ८च्या आत, असं सैल लक्ष्य सुचवते. याला कारण आहे. उतारवयात साखर एकदम खाली जाणं फार धोक्याचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं, तर ती ७०च्या खाली घसरू शकते. मग घाम, चक्कर, बाथरूममध्ये पडणं, खुब्याचं हाड. एकादशीच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना कुणी विचारलंय? ‘पेढा कुणी खाल्ला’ याचा तपास मात्र कसून होतो.

आणि हे सगळं राबवतं कोण? आई. बाबांना डायबेटिस झाला की आईला नवी नोकरी लागते. वेगळी भाजी, गोळ्यांचा डबा, वेळा पाळणं. आईलाच झाला तर? ती सगळ्यांना वाढून दुपारी दोनला उरलंसुरलं खाते आणि आपण फोनवर सांगतो, ‘वेळेवर जेवत जा ना गं.’ सल्ला द्यायला नेटपॅक पुरतो. कांदा चिरायला घरी असावं लागतं.

‘पण लक्ष ठेवलं नाही तर ते ऐकतच नाहीत,’ असं मित्र म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. इतक्या माणसांचा जिभेवरचा ताबा एकदमच सुटला म्हणायचा का? अनुवंश, बैठं काम, ताटातला भात-पोळीचा डोंगर, चालायला नसलेले फुटपाथ, हे सगळं सोडून आपण एकट्या बाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. मोजायला माझा विरोध नाही. मोजलंच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो आकडा कुणाचा?

माझ्या बाबांचं निदान ६८व्या वर्षी झालं. आमच्याकडे एक वही आहे, बाबांच्या अक्षरातली. ती डॉक्टरांना दाखवायची हे पक्कं. मला दाखवायची की नाही, हे ते ठरवतात. माझ्याकडे दुसरी कामं आहेत. स्ट्रिप्सचा खर्च माझा. तपासणीच्या दिवशी रजा टाकून सोबत जाणं माझं. कोणत्या गोळीने साखर खाली जाऊ शकते आणि तशी गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असणं, हेही माझं. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घेणं, पायाला जखम नाही ना ते बघणं. घरात सगळ्यांचं ताट एकच : मुगाची उसळ, भाकरी, कोशिंबीर, मोजका भात. गुळाचा चहा ‘चालतो’ म्हणणाऱ्या काकांना, गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच हे समजावणं, हे सर्वांत अवघड काम.

यातलं जवळपास काहीच अ‍ॅपवर होत नाही. त्याला रजा लागते, पैसे लागतात, वेळ लागतो. ते द्यायची तयारी नसेल तर निदान सकाळी साडेसातचा तो मेसेज तरी बंद करा. पन्नास वर्षं स्वतःचं घर चालवलेल्या माणसाला स्वतःचं रक्तही सांभाळता येतं. सोबत हवी असेल तर ते मागतील. पण ज्याला रोज हिशेब द्यावा लागतो, त्याच्याकडे कुणी मदत मागत नाही.