कृतज्ञतेचा हिशेब

वर्षअखेरीस आभार मानण्याचा एक ठरीव विधी असतो. निरोपसमारंभात कोणीतरी उठतो, प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सर्वांचा उल्लेख करतो, ‘अनवधानाने कोणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व’ असे म्हणतो आणि मग चहा येतो. यात वाईट काहीच नाही. परंतु ज्याबद्दल आभार मानायचे ते आपल्याला नेमके काय मिळाले, हे त्या भाषणात सहसा येत नाही.

दुसऱ्या टोकाला आपलेच काही मित्र आहेत. त्यांचे म्हणणे असे : “फी भरली, लेक्चर्सना बसलो, परीक्षा दिली. व्यवहार पुरा झाला. आता आभार कसले मानायचे?” हा प्रश्न उर्मट वाटला तरी तो टाळण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्याच्या उत्तरासाठी आहे.

आपले सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापन केले. त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली आहे. तिच्या पाच पायऱ्या आहेत. दिवस संपताना माणसाने आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत, मग स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाश मागावा, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यावा, चुकले असेल त्याची क्षमा मागावी आणि शेवटी उद्याचा निश्चय करावा. मला यात क्रमाचे नवल वाटते. आत्मपरीक्षण म्हटले की आपण आधी दोष शोधू लागतो. इग्नेशियस म्हणतात, आधी काय मिळाले ते पाहा. १५४२ सालच्या एका पत्रात तर त्यांनी कृतघ्नता हेच सर्व पापांचे मूळ असल्याचे लिहिले आहे.

मी ख्रिस्ती नाही. पण ही रीत मला परकी वाटत नाही, कारण आपल्याकडची ऋणाची कल्पना तिच्या शेजारीच बसते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो, असे आपले पूर्वज मानीत. त्यांतील ऋषिऋण फेडण्याचा मार्ग मोठा सुंदर आहे. ऋषींकडे जाऊन काही परत द्यायचे नसते. अध्ययन करायचे आणि मिळालेली विद्या पुढच्याला द्यायची, की ते ऋण फिटते.

तर मित्रहो, या दोन्ही दृष्टींनी आपल्या वर्षाचा हिशेब मांडून पाहू.

प्रथम फीचीच गोष्ट. आपण अनुदानित वर्गांत शिकतो. आपल्या प्राध्यापकांचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो. आपल्या फीतून तो भागणारच नाही. म्हणजे ज्याने या कॉलेजच्या फाटकातून कधी पाऊल आत टाकले नाही, अशा शेतकऱ्याचा, हमालाचा, काड्यापेटी विकत घेणाऱ्या म्हातारीचा कराच्या रूपाने दिलेला पैसा आपल्या वर्गात फळ्यासमोर उभा असतो. फी भरून व्यवहार पुरा झाला म्हणणाऱ्या मित्राने एवढी एक रक्कम आपल्या वहीत मांडून पाहावी.

दुसरी रक्कम पैशात मांडता येत नाही. फादर हेन्री हेरास १९२२ साली स्पेनमधून मुंबईस आले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी विचारले. भारताचा, असे ते म्हणाले. भारताच्या इतिहासाची कितपत माहिती आहे, या प्रश्नावर उत्तर होते, काहीच नाही. मग शिकवणार कसे? “अभ्यास करीन.” त्या अभ्यासातून १९२६ साली इतिहाससंशोधनाची जी संस्था उभी राहिली, ती आज ‘हेरास इन्स्टिट्यूट’ म्हणून आपण ओळखतो. हेरास १९५५ साली मुंबईतच वारले. १९८१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

तसेच फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव. ब्लॅटर स्वित्झर्लंडचे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा कॉलेजातील मोठा संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सांतापाव स्पेनचे. खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. वर्षानुवर्षे मुकी राहून एकदाच सारा डोंगर जांभळा करून टाकणारी आपली कारवी, तिच्या बहराच्या नोंदी त्यांनी केल्या. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खंडाळ्याला आपणही जातो. भजी खातो, फोटो काढतो आणि परत येतो. पायाखालच्या झुडपाचे नाव सांगायला स्पेनहून माणूस यावा, याचे वैषम्य वाटून घेण्यापेक्षा त्याने ते सांगितले याचा आनंद मानावा, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली, त्यांचे कौतुक किती करायचे? त्यांच्या श्रद्धेने त्यांना येथवर आणले हे खरेच आहे आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. संस्था चालवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३० ने मान्य केला आहे. त्या हक्काने चालणाऱ्या या कॉलेजात माझ्यासारख्या, त्यांच्या धर्माच्या नसलेल्या विद्यार्थ्याला बाकावर जागा मिळते. प्रार्थनामंदिराचे दार उघडे असते. आत जावे की नाही हे कोणी सांगत नाही. सध्याच्या दिवसांत माणसे एकमेकांच्या दाराकडे संशयाने पाहू लागली असताना, ज्याने हे अनुभवले त्याने ते स्पष्ट शब्दांत सांगणे हाही कृतज्ञतेचाच भाग आहे. अशा वेळी गप्प बसणाऱ्याचे आभार पोकळ ठरतात.

तिसरी रक्कम याच वर्षातली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आपल्या कॉलेजात २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे. या वर्षी मी तृतीय वर्षाच्या एका अंध मित्राचा लेखनिक म्हणून परीक्षेला बसलो. उत्तरे त्याची, अक्षर माझे. प्रश्न वाचून दाखवला की तो मिनिटभर शांत बसे आणि मग म्हणे, “चार मुद्दे आहेत. तिसरा मोठा आहे, त्याला पान ठेव.” पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी संपूर्ण उत्तर त्याच्या मनात बांधून तयार असे. पेपर संपल्यावर त्याने माझे आभार मानले. तीन तासांत विचार कसा करावा याचा पाठ मला मिळाला होता. आभार कोणी कोणाचे मानायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पदवीसाठी समाजकार्याचे जे ६० तास आपल्याला पुरे करावे लागतात, त्यांची आपण बरीच थट्टा करतो. पण त्या तासांत देणारा कोण आणि घेणारा कोण हे पुष्कळदा उलटेपालटे होते, हे ज्याने ते मनापासून केले त्याला सांगायला नको.

एक रक्कम आपल्या भाषेच्या खात्यावर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी वातावरणात पहिले काही महिने जीभ जड वाटते. अशा मुलाने फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण ठेवावी. हाही येशूसंघीयच. जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात आला, येथील लोकांकडून त्यांची भाषा शिकला आणि तिच्यावर लुब्ध होऊन त्याने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. परक्या भाषेचे ऋण त्याच भाषेत कसे फेडावे याचा याहून मोठा दाखला माझ्या माहितीत नाही. इंग्रजी शिकताना आपण दबून जाण्याचे कारण नाही आणि मराठीत लिहिताना ओशाळण्याचेही नाही.

हिशेब येथवर आला. राहिली ती शेवटची पायरी, निश्चयाची.

आपल्या कॉलेजचे लॅटिन ब्रीद ‘उडण्यास उद्युक्त करणारा’ अशा अर्थाचे आहे. पिलांना घरट्यातून हलवणाऱ्या गरुडाचे ते चित्र बायबलमधून आले आहे. पिलू गरुडाला काही परत देत नाही. ते उडते आणि पुढे त्याचेही घरटे होते. हेरास, ब्लॅटर, सांतापाव यांना आपण आता काहीच परत देऊ शकत नाही. त्या अनामिक करदात्याला तर आपण ओळखतही नाही. म्हणजे हे ऋण फिटायचे तर ते पुढच्याच माणसापाशी.

तो पुढचा माणूस फार दूर नाही. येत्या जूनमध्ये कोकणातून, वऱ्हाडातून, वसईतून नवी मुले येतील. दगडी कमानी पाहून बावरतील, ग्रंथालयात पुस्तक कसे मागायचे हे विचारायला लाजतील. त्यांतील एकाला आपण बरोबर नेऊन पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोहोचवावे. परीक्षेच्या आधी कोणी लेखनिक शोधत असेल तर एक सकाळ त्याला द्यावी. नोट्स मागणाऱ्याला त्या द्याव्यात आणि त्याबरोबर त्या समजावून सांगण्याइतका वेळही द्यावा. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही आणि कशाचाही दाखला मिळत नाही.

निरोपसमारंभात आभाराचे भाषण अवश्य व्हावे, चहाही घ्यावा. मात्र वर्षाचा खरा हिशेब जूनमध्ये सुरू होतो, हे घरी जाताना लक्षात असू द्यावे, एवढीच माझी सर्व मित्रमैत्रिणींना विनंती आहे.