ही कॉलेजे आपल्या मुलांना माहीत हवीत

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्याकडे घरोघरी कॉलेजांची चर्चा सुरू होते. इंदूरला नंबर लागेल का, पुण्यात मामांकडे राहून जमेल का, फी किती, पुढे नोकरी कुठली. हे सगळे विचारायलाच हवे. पण हे कॉलेज कोणी काढले आणि कोणासाठी काढले, हा प्रश्न आम्ही तरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. म्हणून या वेळी मुलांना थोड्या वेगळ्या कॉलेजांची ओळख करून द्यायचे आम्ही ठरवले.

मुलांनो, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. १९८१ साली आलेले हे पुस्तक आजही मराठी घरांत वाढदिवसाला भेट दिले जाते. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या जॉर्ज कार्व्हरला कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर त्याचा रंग पाहून परत पाठवले, हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याची भुईमुगावरची संशोधनेही राहतात. पण १८९६ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ज्या टस्कीगी संस्थेत शिकवत राहिला, ती संस्था काय होती, हे मात्र निसटून जाते.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. गुलामगिरी गेली तरी गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे बंदच राहिली. मग कृष्णवर्णीय लोकांनी, काही चर्चच्या आणि काही गोऱ्या हितचिंतकांच्याही मदतीने, आपली कॉलेजे उभी केली. टस्कीगी त्यातलेच एक. १८८१ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचे प्रमुख बुकर वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. इमारतीसाठी विटा विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा विद्यार्थ्यांनीच वीटभट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टननी आपले घड्याळ गहाण टाकले आणि त्या वेळी विटा नीट भाजल्या गेल्या.

टेनेसी राज्यातल्या फिस्क या कॉलेजची गोष्ट तर आम्हाला याहून आवडते. १८६६ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज पाच वर्षांतच पैशाअभावी बंद पडायच्या बेतात आले. तेव्हा तिथले काही विद्यार्थी गात गात गावोगाव फिरले, पुढे इंग्लंडलाही गेले. आपल्या आईबापांनी गुलामगिरीत म्हटलेली गाणी त्यांनी मोठमोठ्या सभागृहांत म्हटली आणि त्या पैशातून कॉलेजची इमारत बांधली. ‘ज्युबिली हॉल’ या नावाने ती आजही उभी आहे.

अशी सुमारे १०० कॉलेजे आणि विद्यापीठे तिथे आज चालू आहेत. १९६४ पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या या संस्थांना तिथल्या कायद्यात वेगळे नाव आहे. मार्टिन ल्यूथर किंग अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे. लेखिका टोनी मॉरिसन वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या, आणि २०२१ ते २०२५ अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या कमला हॅरिसही तिथल्याच.

आता ही दूरची गोष्ट आपल्याला का सांगायची? कारण ती दूरची नाहीच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले आहे. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. वॉशिंग्टनचे घड्याळ आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र मुलांना एकाच तासाला शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि महू तर इथून मोटारीने दोनेक तासांवर. १४ एप्रिल १८९१ रोजी तिथे जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक आपल्या मुलांनी पाहिलेले असते. घटनाकार म्हणून ते परीक्षेतही लिहितात. पण बाबासाहेबांनी कॉलेजे काढली हे विचारले तर आपल्याकडे मोठी माणसेही गप्प होतात. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे कॉलेज. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय अगदीच तुटपुंजी होती. याच कॉलेजचे नाव पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. योगायोग असा, की सिद्धार्थ निघाले त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. हे ड्यू बॉइस शिकले होते त्या गाणाऱ्या मुलांच्या फिस्कमध्ये.

यावर एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ‘वेगळी कॉलेजे कशाला? त्याने भेद वाढतो.’ दिसायला बिनतोड आहे, पण भेद या कॉलेजांनी केलाच नाही. तो आधीच झाला होता आणि हे त्यावरचे उत्तर होते. शिवाय सिद्धार्थ आणि मिलिंद यांची दारे पहिल्यापासून सर्व जातींना खुली होती. मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस दलित समाजातले नव्हते. अमेरिकेतल्या त्या कॉलेजांतही आज गोरी, लॅटिन, आशियाई मुले शिकतात. दार लावून घेणारे निराळेच होते. उलट ज्यांनी दार उघडले त्यांच्याच हातात पैसा कमी पडत आला. १६ राज्यांनी आपापल्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला, असे २०२३ मध्ये खुद्द तिथल्या केंद्र सरकारने त्या राज्यांना लिहून कळवले.

आपल्या बैठकीत अशा कॉलेजांचा विषय निघालाच तर ‘ते त्यांचे कॉलेज’ एवढेच ऐकू येते. मुले हे ऐकतात. सरदारपूर हा आदिवासी बहुल तालुका आहे, इथली विधानसभेची जागाही अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. आपल्या मुलाच्या बाकावर शेजारी बसणारा भिल्ल मुलगा कदाचित घरात पहिल्यांदाच पाटी धरणारा असेल. उद्या तो अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विश्वविद्यालयात जाईल. ते आपल्याच राज्यात २००८ पासून चालू आहे आणि सर्वांना खुले आहे. आपल्या मुलानेही तिथला फॉर्म भरला तर आपण त्याला काय सांगणार, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे.

उन्हाळ्यात आपल्यातली बरीच कुटुंबे वेरूळला जातात. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर पाहतात, लेणी पाहतात, बीबीचा मकबराही सोडत नाहीत. मिलिंदचे आवार, नागसेनवन, त्याच शहरात आहे. त्याच्यासाठी एक तास काढावा. मिलिंद हा ग्रीक राजा होता, आणि तो नागसेन नावाच्या भिक्षूला प्रश्नांवर प्रश्न विचारत असे, एवढे मुलांना गाडीतच सांगून ठेवावे. बाकीचे ती तिथे गेल्यावर विचारतील.