बुब्बुळाचा शंकु

गेल्या वर्षभरांत आमच्या सोळा वर्षांच्या नातवाचा चष्मा तीन वेळां बदलला. घरांतील मंडळींनीं यथाशक्ति निदान केलें: कोणी मोबाइलास दोष दिला, कोणी जागरणास, आणि आम्हीं स्वतः आळसास. फळ्यावरील अक्षरास जोडीला सावली दिसते, रात्रीं दिव्यांभोवतीं किरणांचे झुपके दिसतात, असें मुलगा सांगे. अभ्यास टाळण्याची ही नवी युक्ति असावी, असें आम्हांस वाटे. ज्यानें जन्मभर मुलें शिकविलीं त्यानें असें समजावें, हें लाजिरवाणें खरें. अखेर नेत्रवैद्यांनीं बुब्बुळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रापुढें त्यास बसविलें, आणि ‘केराटोकोनस’ हा शब्द आमच्या घरांत शिरला.

शब्दाची फोड आम्हीं आधीं केली, संवयच ती. ग्रीक भाषेंत ‘केरास’ म्हणजे शिंग (आपल्या ‘शृंग’ शब्दाचें तें दूरचें भावंड) व ‘कोनोस’ म्हणजे शंकु. डोळ्याच्या दर्शनी भागीं घड्याळाच्या कांचेसारखें जें पारपटल असतें, त्याची जाडी मध्यावर सुमारें अर्धा मिलिमीटर. या विकारांत तें पातळ होत जाऊन शंकूसारखें पुढें येतें. मग किरण एके ठायीं न मिळतां विखुरतात, व चष्मा पुरा पडत नाहीं. लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनीं १८५४ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें.

आरंभ बहुधा कुमारवयांत होतो. चाळिशीच्या सुमारास वाढ बहुतेक थंडावते. कांहीं कुटुंबांत तो एकाहून अधिकांस होतो. डोळे चोळण्याशीं त्याचा निकट संबंध आढळतो, आणि आमचा नातू त्या कलेंत पारंगत! डोळ्यांस खाज असेल तर तिचें औषध वैद्याकडून घ्यावें. आमच्या येथें मध घालण्याची सूचना झाली होती. ती आम्हीं मोडून काढली.

उपचारांत दोन गोष्टी निरनिराळ्या समजाव्यात: वाढ थांबविणें व दिसूं लागणें. पहिलीसाठीं पारपटलावरील पातळ थर काढून ब२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात, व त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यायोगें आंतील तंतूंचे परस्परबंध वाढून पटल ताठर होतें. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं रोग्यांवरील याचे पहिले निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. मूळ पद्धतींत अर्धा तास थेंब व अर्धा तास किरण. नंतर कांहीं दिवस डोळा दुखतो. पटल फार पातळ झाल्यावर ही पद्धति अवघड होते, म्हणून विलंब बाधतो.

दृष्टीसाठीं कठीण स्पर्शभिंगें असतात; भिंग व पटल यांमधील पोकळी अश्रूंनीं भरून उंचसखलपणा झांकला जातो. कोणाकोणास पटलांत अर्धवर्तुळाकार कड्या बसवितात. चष्मा घालविणारी लेझर शस्त्रक्रिया मात्र येथें वर्ज्य. ती पटल आणखी पातळ करते. व्रण पडला किंवा विकार फार वाढला, तर दुसऱ्याचें पटल बसवावें लागतें. असें पहिलें यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनीं १९०५ सालीं मोराव्हियांतील ओलोमोउत्स येथें केलें. त्यासाठीं कोणीतरी मरणोत्तर नेत्रदान केलेलें असावें लागतें. आम्हां उभयतांचा अर्ज आतां भरून झाला आहे.

चिरंजीवांचा विचार होता कीं, परीक्षा होऊं द्यावी, मग पाहूं. आत्याबाईंचा आग्रह कीं, ही गोष्ट बाहेर बोलूं नये. वैद्यांनीं सहा महिन्यांच्या अंतरानें काढलेले दोन नकाशे शेजारीं ठेविले, तेव्हां परीक्षेचा विषय संपला. उजव्या डोळ्याचे किरण झाले. डावा पुढील महिन्यांत. धाकटी नातही डोळे चोळते. तिचा नकाशा येत्या शनिवारीं काढावयाचा आहे.