बाळंतिणीचं काय?

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला आणि इस्रायलनं काठमांडूतली आपली माणसं विमानानं मायदेशी नेली. त्यांत वीसहून अधिक तान्ही बाळं होती, सरोगसीनं जन्मलेली. इस्रायलच्या तेव्हाच्या कायद्यानं समलिंगी जोडप्यांना देशात सरोगसीची मुभा नव्हती. भारतानं 2012 मध्ये व्हिसाचे नियम बदलून त्यांना दार बंद केलं, तेव्हा दवाखान्यांनी नेपाळ गाठला. नेपाळी बाईनं परक्यासाठी पोटात मूल वाढवायला तिथं परवानगी नव्हती. म्हणून मध्यस्थ भारतातून बायका नेऊ लागले. बाळं सुखरूप घरी पोचली, याचा आनंदच आहे. त्यांचे फोटो जगभर झळकले. त्यांना जन्म देणाऱ्या बायका त्या फोटोंत नव्हत्या.

आंतरराष्ट्रीय सरोगसीवर बोलताना आपण बहुतेकदा पैशावर अडतो. कूस विकावी का, मातृत्वाचं मोल करावं का. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. घर बांधायला, मुलांच्या फीला, नवऱ्याचं कर्ज फेडायला एखादी बाई हे काम पत्करत असेल, तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. मला छळतो तो वेगळा प्रश्न: या व्यवहारात जोखीम कुणाच्या अंगावर पडते?

गुजरातमधलं आणंद हे या व्यवसायाचं जगप्रसिद्ध केंद्र होतं. गर्भ राहिला की बाई वसतिगृहात यायची. ओळीनं मांडलेल्या खाटा, वेळच्या वेळी जेवण, इंजेक्शनं, सोनोग्राफी. पोटात बाळ असेपर्यंत तिच्या तब्येतीला कुणी धक्का लागू देत नसे. प्रसूती झाली, बाळ सोपवलं, उरलेले पैसे मिळाले की ती गावी परत. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, मालीश. हिची कूसही तितकीच शिणलेली, पान्हाही तसाच फुटलेला. पण शेजाऱ्यांना ‘बाहेरगावी कामाला गेले होते’ असं सांगितलेलं असेल, तर तिनं कुणाच्या देखत अंथरूण धरायचं?

2012 मध्ये अहमदाबादेत परदेशी पालकांसाठी मूल वाढवणारी एक बाई आठव्या महिन्यात तपासणीला गेली आणि तिथंच कोसळली. तातडीनं सिझेरियन झालं. बाळ वाचलं, ती गेली. तिची स्वतःची मुलं आईविना झाली.

खटले गाजले ते मात्र मुलांचे. 2008 मध्ये जपानी जोडप्याचा घटस्फोट झाला आणि आणंदला जन्मलेल्या मुलीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जर्मन जोडप्याच्या जुळ्यांचं नागरिकत्वही अडकलं. हे प्रश्न सुटायलाच हवे होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही वर्षानुवर्षं चर्चा आहे ती प्रामुख्यानं मुलाच्या कायदेशीर पालकत्वाची. बाईच्या प्रकृतीची हमी कुणी घ्यायची, याची चर्चा त्या मानानं फार थोडी.

भारतानं 2015 मध्ये परदेशी जोडप्यांना मनाई केली. 2021 च्या कायद्यानं व्यापारी सरोगसीच बंद झाली. या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: सरोगेट बाईला 36 महिन्यांचा विमा. बाळंतपणाची दुखणी नवव्या महिन्यात संपत नाहीत, हे कुणीतरी अखेर कागदावर मान्य केलं. पण याच कायद्यानुसार डॉक्टर फी घेतो, वकील फी घेतो, आणि नऊ महिने देह झिजवणारीनं तेवढा परोपकार करायचा. हे मला अजिबात पटत नाही. आपल्या कुटुंबांत असा परोपकार कुणाच्या गळ्यात पडतो, हे कुठल्याही धाकट्या जावेला विचारा.

बंदीनं धंदा थांबलाही नाही. नेपाळनं 2015 मध्येच दार लावलं, थायलंडनंही. मग कंबोडिया, युक्रेन, जॉर्जिया. कंबोडियात तर 2018 मध्ये गरोदर बायकांनाच अटक झाली आणि पोटातलं मूल स्वतः वाढवायच्या अटीवर सोडण्यात आलं. दलालाचं दुकान सीमेपलीकडे हललं, शिक्षा पोटुशीला.

परदेशात स्थायिक झालेली मराठी जोडपीही या वाटेनं जाण्याचा विचार करत असतील. मूल नसण्याचं दुःख मी हलकं मानत नाही. माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे: करारावर सही करण्याआधी दवाखान्याला तीन गोष्टी विचारा. करार तिच्या भाषेत तिला समजावलाय का? तिचा स्वतःचा, तुमच्याशी संबंध नसलेला डॉक्टर आणि वकील आहे का? आणि बाळ तुमच्या हाती आल्यावर वर्षभरानं ती आजारी पडली, तर बिल कोण भरणार? उत्तर मिळालं नाही, तर सही करू नका.